लाखेच्या तबकड्यांवरचा जॅझ: पारख, धुणं, प्रत आणि साठवण

जुन्या बाजारात ७८ आरपीएमची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) जॅझची रेकॉर्ड मिळाली, की घरी नेऊन कधी एकदा वाजवतो असं होतं. बरीचशी नासधूस तेव्हाच होते. खाचांमध्ये कित्येक वर्षांची धूळ बसलेली असते, सुई भलत्याच मापाची असते, आणि पहिल्याच फेरीत ती धूळ खाचेच्या भिंतींवर पॉलिश पेपरसारखी घासली जाते. म्हणून आधी ओळखा, मग धुवा, मग योग्य सुई लावा आणि एकदाच नीट वाजवा. त्याच वेळी संगणकावर प्रत काढून घ्या. नंतरचं रोजचं ऐकणं त्या प्रतीवरून करा. फिरती तबकडी बघितल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी त्यासाठी एखादी झिजलेली जोडप्रत बाजूला काढावी.

आपल्याकडे काय मिळतं

जॅझ म्हणून बाजारात आलेली पहिली रेकॉर्ड ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने ती ध्वनिमुद्रित केली. १९२३मध्ये इंडियानातल्या रिचमंडला जेनेट कंपनीने किंग ऑलिव्हरचा बँड मुद्रित केला, त्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग होता. त्याच्या स्वतःच्या ‘हॉट फाइव्ह’ बँडच्या रेकॉर्ड १९२५पासून ओके लेबलवर निघाल्या. यांच्या मूळ अमेरिकी प्रती इकडे क्वचितच हाताला लागतात. तेव्हा त्यांच्यामागे धावण्यापेक्षा आपल्याकडे जे येतं ते नीट ओळखावं.

इथे प्रामुख्याने तीन तऱ्हा दिसतात. पहिली म्हणजे कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या एचएमव्ही आणि कोलंबियाच्या रेकॉर्ड. परदेशी मॅट्रिक्सवरून, म्हणजे मूळ मुद्रणाच्या साच्यावरून, इथे छापलेली रेकॉर्ड ‘नक्कल’ म्हणून बाजूला टाकू नका. खाचा चांगल्या असतील तर ती आवाजाला झिजलेल्या अमेरिकी प्रतीपेक्षा केव्हाही सरस. दुसरी तऱ्हा इंग्लंडहून आलेल्या रेकॉर्डची. पार्लोफोनने ‘रिदम स्टाइल’ मालिकेत ओकेचा बराच माल तिकडे काढला होता, तो अधूनमधून सापडतो.

तिसरी तऱ्हा खास आपली. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. पुढच्याच वर्षी ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ आणि त्याच्या ‘सिम्फनियन्स’ बँडने मुंबईत रेक्स लेबलसाठी मुद्रण केलं. पियानोवादक टेडी वेदरफर्डने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात कोलंबियासाठी मुद्रण केलं आणि १९४५मध्ये तिथेच त्याचा अंत झाला. इथल्या या मुद्रणांना जगभरचे संग्राहक शोधत असतात, आणि फुटपाथवर त्या ‘इंग्लिश गाणी’ म्हणून ढिगाऱ्यात पडलेल्या असतात. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंदी सिनेमाचा गठ्ठाही चाळायला विसरू नका. चिक चॉकलेट म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, हा गोव्याचा ट्रंपेटवाला, सी. रामचंद्रांच्या कामात होता. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या सिनेसंगीतात गोवेकर वादकांचा जॅझ जागोजागी ऐकू येतो.

लेबलापलीकडचं वाचन

लेबलावर ठळक असतो तो कॅटलॉग क्रमांक, म्हणजे विक्रीचा. नेमकं कोणतं मुद्रण ते सांगतो मॅट्रिक्स क्रमांक. खाचा संपल्यावर लेबलाभोवती जी कोरी पट्टी राहते तिच्यावर तो उमटवलेला असतो. रेकॉर्ड तिरकी धरून, बॅटरीचा उजेड आडवा टाकून वाचा. मॅट्रिक्सच्या मागे बारीक आकडा किंवा अक्षर असेल तर तो टेक, म्हणजे त्या गाण्याच्या मुद्रणाची कितवी खेप ते. एकाच गाण्याचे दोन टेक वेगवेगळ्या छपाईत निघाले असतील तर सोलो (एकट्या वादकाचं वादन) वेगळा असू शकतो, आणि जॅझमध्ये सगळं महत्त्व सोलोलाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने ठेवलेल्या अमेरिकी ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांच्या ऑनलाइन सूचीत मॅट्रिक्स टाकून तारीख आणि टेक पडताळता येतात.

त्याच पट्टीवर व्हिक्टरच्या रेकॉर्डला लंबगोलात ‘व्हीई’ किंवा कोलंबियाला वर्तुळात ‘डब्ल्यू’ दिसलं, तर ते १९२५नंतरचं, मायक्रोफोनवरचं विद्युत मुद्रण. त्याआधीचं कर्ण्यात वाजवून केलेलं. पुढे वेग आणि इक्वलायझेशन (खर्ज आणि तार यांचा तोल) ठरवताना हा फरक लागतो.

विकत घेताना

चमक बघून फसू नका. तेलाचा हात फिरवला की झिजलेली रेकॉर्डही आरशासारखी दिसते. उन्हात तिरकी धरून बघा: जिथे बँड जोरात वाजतो त्या पट्ट्यात खाचा राखाडी दिसल्या तर पोलादी सुयांनी भिंती खाल्ल्या आहेत, आणि तो आवाज कोणत्याही धुण्याने परत येत नाही. उलट एखादा लांब ओरखडा दिसायला भयंकर असतो, पण वरवरचा असेल तर नुसतं टिकटिकतो. राखाडी रेकॉर्ड सोडा, ओरखड्याची घ्या.

तडा ओळखायची युक्ती सोपी आहे. मधल्या भोकात बोट घालून रेकॉर्ड तोलून धरा आणि कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. धड असेल तर खणखणीत आवाज येतो. केसाएवढा तडा असला तरी आवाज बसका, खरखरीत निघतो. फुटक्या मडक्याची पारख जशी करतात तशीच ही.

परदेशातून मागवत असाल तर दर्जा दाखवणारी अक्षरं समजून घ्या: एन, ई, व्ही, जी, एफ, पी, अशी उतरत्या क्रमाने. ‘ई’ म्हणजे जवळजवळ नवी. ‘व्ही’ म्हणजे सगळीकडे सारखी झीज, पण ऐकण्याजोगी. ‘जी’ म्हणजे ‘गुड’ वाचून पैसे भरणारे पस्तावतात. ती चांगलीच झिजलेली असते. विक्रेत्याला बांधणी कशी करायची तेही लिहून कळवा: रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना तिच्यापेक्षा थोडे मोठे पन्हाळीचे पुठ्ठे, पन्हाळी एकमेकींना काटकोनात, आणि खोक्यात दुसरं खोकं. लाख काचेसारखी फुटते.

धुणं

आधी तबकडी कशाची आहे ते बघा. साधी ७८ म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचं मिश्रण. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश त्यावरच चालतं. म्हणून स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, सॅनिटायझर, काच पुसायचे फवारे यांतलं काहीही लाखेच्या रेकॉर्डला लावू नका. एका पुसण्यात खाच मऊ होते आणि आवाज कायमचा जातो.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात फोटोच्या फिल्म धुताना शेवटी वापरतात तो वेटिंग एजंट ५ मिलिलिटर घाला. फिल्टरचं, नळाचं, बोअरचं पाणी नको. क्षार खाचेत वाळून बसतात. मऊ, बारीक केसांचा रुंद ब्रश भिजवून खाचांच्या दिशेने गोल फिरवा, कधीही आडवा नाही. लेबल कोरडं राहायला हवं, त्यासाठी त्याच्यावर त्याच मापाचं झाकण हाताने दाबून धरा. एका बाजूला एक-दोन मिनिटं पुरेत. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने विसळा, मऊ कापडाने टिपा आणि भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून पंख्याखाली तीन-चार तास वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य. तडा असलेली रेकॉर्ड भिजवत ठेवू नका, पाणी तड्यातून आत जातं.

तीन अपवाद. भोकाच्या कडेला ॲल्युमिनियम चकाकत असेल तर ती लॅकरची तबकडी. स्टुडिओत किंवा रेडिओवर थेट कापलेली, बहुधा एकुलती एक प्रत. वर पांढरी भुकटी दिसली तर लेप सुटायला लागला आहे. तिला घरी हात न लावता ध्वनी-अभिलेखागाराकडून प्रत काढून घ्यावी. एडिसनची सुमारे ६ मिलिमीटर जाडीची डायमंड डिस्क पाण्याने फुगते, तिला कोरडा ब्रशच. आणि युद्धकाळात अमेरिकी फौजेसाठी निघालेल्या १२ इंची व्ही-डिस्क बऱ्याचशा व्हिनाइलच्या आहेत. हलक्या, किंचित लवणाऱ्या. त्यांना पोलादी सुई लावली तर एका फेरीत वाट लागते.

सुई आणि वेग

चावीचा ग्रामोफोन शोभेला ठेवा. त्याचा साउंडबॉक्स (सुई धरणारा गोल डबा) शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो, आणि पोलादी सुई एका बाजूपुरतीच. तीच पुन्हा लावली तर तिची झिजलेली कड खाच कोरते. दुर्मीळ रेकॉर्डला आधुनिक टर्नटेबलच हवं.

एलपीची सुई मात्र ७८ला चालत नाही. ती साधारण १८ ते २५ मायक्रॉनची, ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन कचऱ्यात लोळते आणि नुसती खरखर देते. ७८साठी सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ७६ मायक्रॉनची सुई लागते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५एसपी याच मापाची आहे, भार ५ ग्रॅम. ऑर्टोफोनची २एम ७८ ही ६५ मायक्रॉनची, भार १.८ ग्रॅम. भार कंपनी सांगेल तेवढाच. सुई उडते म्हणून आर्मवर (सुईच्या दांडीवर) नाणं ठेवणं हा शुद्ध अत्याचार. उलट भार फार कमी ठेवला तर सुई खाचेत आपटत राहते आणि तेही वाईटच. हात बसल्यावर २.५ ते ४ मिलच्या दोन-तीन सुया ठेवाव्यात, कारण आधीच्या सुयांनी जो भाग झिजवला त्याच्या जरा वर किंवा खाली कोरी भिंत सापडते आणि आवाज अचानक उजळतो.

वेग तपासायला स्ट्रोब चकती वापरतात (रेघा छापलेली; वेग बरोबर असेल तर दिव्याखाली फिरताना त्या स्थिर दिसतात), आणि तिथे एक हमखास गफलत होते. अमेरिकी चकतीवर ९२ रेघा असतात. त्या ६० हर्ट्झच्या विजेवर स्थिर दिसल्या की वेग ७८.२६ असतो. आपली वीज ५० हर्ट्झची. इथे त्या रेघा स्थिर दिसतात तेव्हा वेग भरतो ६५.२, म्हणजे सगळा बँड तीन अर्धसुरांनी (सेमीटोन) खाली. इथे ७७ रेघांची चकती घ्या, तिचा वेग ७७.९२ येतो. बघायला निऑन दिवा हवा. कित्येक एलईडी बल्ब लुकलुकत नाहीत, त्यांच्याखाली रेघा कळतच नाहीत. १९२५पूर्वीच्या रेकॉर्ड तर ७८वर असतीलच असं नाही, कोलंबियाच्या बऱ्याच ८०वर लागतात. ट्रंपेट आणि क्लॅरिनेट असलेले बँड बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ अशा पट्ट्यांत वाजवायला सोयीचे. गाणं बी आणि बी-फ्लॅटच्या मध्ये कुठेतरी लटकत असेल, तर वेग चुकला आहे असं समजा.

प्रत

मूळ प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये घ्या. तीन मिनिटांच्या बाजूला सुमारे १०० एमबी लागतात. आजच्या डिस्कच्या भावात ही चैन नव्हे. रेकॉर्ड मोनो (एकाच चॅनलची) असली तरी दोन्ही चॅनल वेगळे साठवा. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात, पुढे त्यातली बरी निवडता येते. आणि दोन्ही एकत्र केल्या की सुईच्या वर-खाली होण्याची खरखर आपोआप बरीच कटते. पातळी अशी ठेवा की संगीताचं शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील, कारण टिकटिकीचे ठोके त्याच्याही वर जातात. रेकॉर्ड वाकडी असेल आणि सुई उडत असेल तर ३३वर वाजवून संगणकात वेग २.३४८ पट करा.

आवाज कोंदटलेला आणि खर्ज सुजलेला वाटला तर रेकॉर्डला दोष देऊ नका. फोनो प्रीअँपमध्ये (सुईचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या यंत्रात) बसवलेला आरआयएए हा वक्र, म्हणजे खर्ज किती उचलायचा आणि तार किती कापायची याचं ठरीव प्रमाण, १९५४मध्ये ठरला, म्हणजे या रेकॉर्डनंतर. तो १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल कापतो. विद्युत मुद्रणातल्या एचएमव्ही-कोलंबियाच्या ब्रिटिश आणि भारतीय ७८ना २५० हर्ट्झखाली खर्ज उचलणं पुरतं, वरची तार कापायची नसते. कर्ण्यातल्या मुद्रणांना तर कोणताच वक्र नाही. शक्य असेल तर सपाट, वक्राविना प्रत घ्या; नसेल तर ‘आरआयएए लावलेला’ अशी नोंद करा, म्हणजे नंतर उलटवता येईल.

मूळ फाइलवर डीक्लिक (टिकटिक काढणं), नॉइज रिडक्शन (खरखर कमी करणं) काही करायचं नाही. ते दुसऱ्या प्रतीवर, तेही बेताने: खरखर पूर्ण घालवायला गेलात की झांजेचा झणकार आणि ट्रंपेटची फूकही तिच्याबरोबर जाते. फाइलच्या नावात लेबल, कॅटलॉग, मॅट्रिक्स-टेक, आणि सोबतच्या नोंदीत सुईचं माप, वेग, तारीख. लेबलचा फोटोही तिथेच. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

प्रती वाटण्याआधी कायदा बघा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं; अमेरिकेत १९२३ ते १९४६मधल्या मुद्रणांना १०० वर्षं. चाल आणि शब्द यांचे हक्क निराळे, ते रचनाकाराच्या मृत्यूनंतरही चालतात.

साठवण

उभ्याच ठेवा, अगदी सरळ. थप्पी लावली की खालच्या वाकतात. कलल्या तरी वाकतात, म्हणून दर १५ सेंटिमीटरवर आडोसा द्या. दहा इंची रेकॉर्ड सुमारे २०० ग्रॅमची, म्हणजे शंभरांना २० किलो. हलक्या पार्टिकल बोर्डची फळी दोन वर्षांत पोटात जाते. १० आणि १२ इंची एकत्र ठेवू नका, मोठीची कड फुटते. जुनं पाकीट आम्लयुक्त कागदाचं असतं, ते वेगळं जपून ठेवा आणि रेकॉर्डला आम्लरहित कागदाचं नवं घाला. प्लॅस्टिकचं नको, दमट हवेत ओल आत कोंडते.

कोकण-मुंबईत खरा शत्रू बुरशी. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहावी; ६५च्या वर आठवडाभर गेली की खाचांत पांढरे तंतू दिसतात. ते कोरडे झटकू नका, बीजाणू शेजारच्या रेकॉर्डवर जातात. मास्क लावून, इतरांपासून लांब, वर सांगितलेल्या पाण्याने धुवा. ५००-६०० रुपयांचा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. बाहेरच्या भिंतीला कपाट लावू नका, मागे चार बोटं जागा सोडा. वाळवी आणि कसर कागदासाठी येतात, म्हणून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी खालच्या फळीवरची दोन-चार पाकिटं काढून त्यांच्या तळाकडच्या कडा बघा. सुरुवात तिथूनच होते.