पगारातून कापलं, पण भरलं नाही: जिनिंगवाल्यांनो, या चुका टाळा

दिवाळी झाली, कापूस यायला लागला की आमच्याकडच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांच्या, मालकांचा एक हिशोब हमखास बिघडतो. शेतकऱ्यांचे चुकारे अंगावर येतात, गाठींचे पैसे अजून व्यापाऱ्याकडे अडकलेले असतात, आणि खात्यात मजुरांच्या पगारातून कापलेला पीएफ दिसतो. "पुढच्या महिन्यात भरून देऊ ना जी, कुठं पळून चाललो?"

वीस मजूर, प्रत्येकी 12,000 पगार धरा. मजुरांचा 12 टक्के हिस्साच महिन्याला 28,800 होतो. शेठला वाटतं, बिनव्याजी भांडवल सापडलं. भाऊ, तो पैसा तुमचा नाही. स्वतःचा हिस्सा थकवला तर ती थकबाकी, पण मजुराचा कापून वापरला तर फौजदारी कायद्यात तो विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो.

एका जिनिंगमध्ये अख्खा हंगाम असंच चाललं. मुनीम दर महिन्याला ईसीआर (पीएफचं मासिक विवरण) चढवायचा, चलान (किती पैसे भरायचे ते सांगणारा कागद) काढून फाईलला लावायचा. पैसे कोणी भरतच नव्हतं. चलान निघालं म्हणजे काम झालं, असा शेठचा समज. भांडं फोडलं ते प्रेसवरच्या एका मजुराने. मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून उचल काढायला तो सेतू केंद्रात गेला, तर पासबुक कोरं. तिथल्याच पोराने तक्रार ऑनलाइन टाकून दिली. चौकशीची नोटीस आली, ती शेठने ड्रॉवरमध्ये सारली. सुनावणीला कोणी गेलं नाही, म्हणून अधिकाऱ्याने हाती होते त्या कागदांवरून आकडा ठरवला. आणि ऐन जानेवारीत चालू खातं गोठलं. गेटवर कापसाच्या गाड्या उभ्या, चुकारे बंद, शेतकरी ऑफिसात बसलेले. थकबाकीवर वर्षाला 12 टक्के व्याज, दंड निराळा. वर आयकराचा दणका. ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की तेव्हाच्या कायद्यानुसार मालकाचा हिस्सा रिटर्नच्या तारखेपर्यंत भरला तरी खर्चात धरता येतो, पण मजुराचा हिस्सा पीएफच्याच मुदतीत भरला पाहिजे. त्यामुळे मजुरांकडून कापलेली सगळी रक्कम त्या वर्षी शेठचं उत्पन्न धरली गेली. जो पैसा त्याचा नव्हताच, त्यावर त्याने कर भरला.

माझ्या अशिलांना मी एकच सवय लावतो. पगाराच्या दिवशीच दोन्ही हिस्से वेगळ्या खात्यात टाकायचे आणि 10 तारखेला भरून मोकळं व्हायचं. मुदत 15 ची आहे, हे मलाही माहीत आहे. त्या दिवशी पोर्टल रडतं आणि मग फोन मला येतात. फाईलला चलान नाही, पैसे भरल्याची पावती लावायची.

दुसरा लाडका शॉर्टकट म्हणजे हजेरीवर एकोणीसच नावं. वीसला पीएफ लागतो, हे व्हिडिओ पाहून आलेल्या नव्या मालकाला बरोब्बर ठाऊक असतं. पण मुकादमाने आणलेले हमाल आणि रेजा (बाया-मजूर) मोजणीत धरतात, हे त्याला ऐकायचं नसतं. मुकादमाने भरलं नाही तर वसुली तुमच्याकडून होते. आणि एकदा पीएफ लागू झाला की पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही.

ईएसआय, म्हणजे मजुरांचा सरकारी विमा, फक्त जिनिंग-प्रेसिंग करणाऱ्या हंगामी कारखान्याला लागत नाही, पण बाकी कारखान्यांना तो दहा माणसांपासून लागतो. मशीनमध्ये हात गेल्यावर नोंदणी करायला धावणाऱ्यांना मी आता चहासुद्धा विचारत नाही.

व्यवसाय कराची रक्कम छोटी, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300, म्हणून कापून विसरतात. एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे, तरी जुन्या एक्सेलवरून कापणं चालूच.

राहिला मॅनेजरच्या पगारावरचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापलेला आयकर. तो पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर व्याज महिन्याला दीड टक्का, तेही कापल्या दिवसापासून आणि अर्धवट महिना पूर्ण धरून. म्हणजे 8 तारखेला भरला तरी तीन टक्के. "एकच तर दिवस झाला" हे कोणाला सांगून उपयोग नाही, सॉफ्टवेअर ते आपोआप लावतं.