मूल मिसळत नाही म्हणता? आधी या चुका टाळा

दरवर्षी जूनमध्ये बालवाडी सुरू होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेटवर प्रश्न येतोच, "ताई, मिक्स होतोय ना?" अहो, त्याला अजून चपला कुठे ठेवायच्या ते कळलेलं नाहीये. इतक्या वर्षांत दीड ते चार वयाची भरपूर मुलं बघितली, त्यावरून ठामपणे सांगते की माणसांची ओढ मुलात आपण भरायची नसते, ती घेऊनच ते जन्माला येतं. नवजात बाळाला साधारण २०-३० सेंटिमीटरवरचंच बऱ्यापैकी दिसतं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं, आणि तेवढ्या भांडवलावर ते दीड-दोन महिन्यांत तुमच्याकडे बघून हसायला लागतं. नवव्या-दहाव्या महिन्यात तुम्ही जिकडे बघाल तिकडे बघतं, वर्षाच्या आसपास बोट दाखवतं. आपलं काम फक्त उत्तर द्यायचं, आणि सगळ्या चुका तिथेच होतात.

बोट दाखवलं की परीक्षा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती शिकलेल्या, मुलासाठी खूप करणाऱ्या घरांत जास्त दिसते. मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. एक, मला ते दे. दुसरं, मला ते दिसलं, तूही बघ. या दुसऱ्यात त्याला काहीच नको असतं, फक्त तुमची नजर तिकडे वळायला हवी असते आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे वळून बघायचं असतं. आणि आपण काय करतो? रस्त्यावर जेसीबी दिसला म्हणून पोरगी आनंदाने ओरडते आणि बाबा विचारतात, "व्हॉट इज दॅट? कलर कोणता? यलो म्हण, यलो." ती गप्प.

आमच्याकडची एक मुलगी ताईंची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवायची, इतकं तिला दाखवायचं असायचं. न्यायला बाबा आले की मात्र काही दाखवायची नाही, कारण दाखवलं की प्रश्न येणार हे तिला पाठ झालं होतं. बाबांना सांगितलं, काही दिवस एकही प्रश्न विचारू नका, ती दाखवेल ते बघा आणि तुम्हाला जे वाटतं ते बोला, "बापरे, केवढा खड्डा केलाय!" एवढंच. त्यांचा प्रश्न, "मग ती कलर्स कधी शिकणार?" शिकते हो, पिवळा रंग कुठे पळून जात नाही. ते थांबले आणि थोड्याच दिवसांत गेटपासून गाडीपर्यंत तिची बडबड थांबेना. फ्लॅशकार्डांबद्दल माझं मत यावरून कळलं असेलच, सरळ माळ्यावर टाका.

ढकलणाऱ्याला "सॉरी म्हण" म्हणून मोकळं होणं

अडीच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे दुसऱ्या प्लेग्रुपमधून आला तो 'ॲग्रेसिव्ह' हा शिक्का घेऊनच, तिथे त्याला वेगळं बसवायचे. आमच्याकडेही पहिल्या दिवसापासून तेच, कोणी ठोकळ्यांचा मनोरा केला की हा धावत जाऊन पाडणार, कोणाला मागून गच्च मिठी मारून खालीच पाडणार. बाकीच्या आयांच्या तक्रारी सुरू झाल्या. मी माझ्या सवयीप्रमाणे आधी काहीच केलं नाही, खाली सतरंजीवर बसून त्याला नीट बघत राहिले (दुसऱ्या कोणाला लागणार नाही इतकी जवळ). तर लक्षात आलं की हा रिकाम्या कोपऱ्यात कधीच काही पाडत नाही. जिथे दोघं-तिघं रमलीयत तिथेच जातो, ढकलतो, आणि लगेच समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. रागाने ढकलणारं मूल असं वाट बघितल्यासारखं बघत नाही. त्याला खेळात घुसायचं होतं आणि घुसायचा दुसरा रस्ताच माहीत नव्हता. आणि सॉरीचं काय झालं होतं, तर तो खेळाचाच भाग झाला होता, ढकलायचं, "सॉली" म्हणायचं, हसायचं, परत ढकलायचं.

मग त्याला रस्ता दाखवला. तो उठला की मीही उठायचे आणि दोघं त्या मुलांच्या शेजारी बसायचो, आत नाही, शेजारी, आणि ती करतायत तेच आपल्या ठोकळ्यांनी करायचो. या वयात मुलं अशीच खेळतात, एकमेकांशेजारी, आपापलं. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्येच नर्सरीतल्या मुलांचं निरीक्षण करून हे 'समांतर खेळ' म्हणून नोंदवलंय, आणि तरी आजचे पालक शेजारी-शेजारी खेळणाऱ्या दोघांना बघून "खेळतच नाहीत एकमेकांशी" म्हणतात. तर शेजारी बसून झालं की एक ठोकळा पुढे करायचा, "दे त्याला." घेतला तर छान, नाही घेतला तर परत आपला मनोरा. शिवाय खाऊच्या बशा वाटायचं काम त्याला दिलं, म्हणजे रोज प्रत्येकाच्या समोर जायला एक हक्काचं कारण. गणपतीपर्यंत फरक दिसेना तशी आई दुसरी शाळा बघायला लागली होती, त्यांना मी अक्षरशः अडवलं. दिवाळीनंतर मुलं त्याला हाका मारायला लागली. यात शॉर्टकट नाहीये. मोठ्या माणसाने खाली बसावं लागतं, आणि रोज.

याला जोडूनच, दोन वर्षांच्या मुलाच्या हातातलं खेळणं काढून "शेअरिंग इज केअरिंग" म्हणू नका. त्याला त्यातून एवढंच कळतं की मोठा आला की हिसकावून घेतो. "त्याचं झालं की तुझं" म्हणा आणि खरंच द्या.

मोबाईल

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला, आईने बाळाशी छान खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं, आणि शेवटी तोंड फिरवतं, रडतं. स्क्रीनमध्ये बघताना आपला चेहरा बऱ्यापैकी तसाच असतो हो. दुसरं, व्हिडिओने भाषा येते या भ्रमात राहू नका. बाळं भाषा कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या नऊ महिन्यांच्या बाळांना समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून मँडरीनचे, म्हणजे चिनी भाषेचे ध्वनी ओळखता यायला लागले, तेच टीव्हीवर दाखवलं तर काहीच फरक नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हणते, लांबच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. जेवताना गाणी लावणाऱ्यांना मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी "त्याशिवाय खातच नाही" ऐकते. एक-दोन दिवस कमी खाईल. खाऊ दे कमी.

काही चुका पटापट

"काकांना पापी दे": नाही द्यायची. टाटा केलं तरी पुष्कळ. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं ते तर आपली माणसं ओळखायला लागल्याचं लक्षण आहे.

"लाजाळू आहे हो आमचा": त्याच्या देखत म्हणू नका, ते ऐकतंय.

शाळेत सोडून गुपचूप सटकणं: सांगून जा. रडेल, पण उद्या तुमचा विश्वास धरेल.

टॉडलर्ससाठीचे 'सोशल स्किल्स'चे महागडे क्लास: एकाच वयाची दहा मुलं एसी खोलीत बसवून काय साधतं मला कळत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी-कोसबाडला मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, जिथे मोठी भावंडं, आज्या, शेळ्या सगळंच होतं. सोसायटीच्या जिन्यात चौथीतल्या दादासोबत अर्धा तास बसणं क्लासपेक्षा कधीही चांगलं.

मदत करायला आलेल्याला "तू जा, खेळ तिकडे" म्हणणं: वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात दीड वर्षाच्या मुलांनी अनोळखी माणसाचा पडलेला कपड्याचा चिमटा न सांगता उचलून दिला होता. मी नवीन मुलासमोर मुद्दाम काहीतरी पाडते आणि थांबते, बोलत नाही. बहुतेक वेळा ते येतंच. घरी मटार सोलू द्या, रुमालाच्या घड्या घालू द्या, आणि बदल्यात चॉकलेट देऊ नका. त्याच संशोधकांना पुढे दिसलं की बक्षीस मिळालेली मुलं नंतर कमी मदत करतात.

आणि एक, जी खरंच महागात पडते

वर मी सारखं धीर धरा म्हणतेय, पण इथे धरू नका. वर्षाचं मूल बोबडे आवाज काढत नाही, बोट दाखवत नाही, टाटा करत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी येत होतं ते बोलणं किंवा हसणं गेलं, यातलं काहीही असेल तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणणाऱ्या नातेवाइकांचं ऐकत बसू नका. आधी कानांची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल तर सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते. अंगणवाडी ताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा, आणि जाताना मूल घरी खेळतानाचे दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा, कारण नवीन जागी डॉक्टरांसमोर ते तसं वागेलच असं नाही.