यूएसबी पोर्ट बंद पडला की आधी काय बघायचं

बडोद्याच्या बाबाजीपुऱ्यातल्या एका काकूंकडचा कॉम्प्युटर तीन दिवस बंद होता. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी यायच्या आणि पंधरा सेकंदांत मशीन आपोआप बंद. आधी कोणी येऊन गेला होता, तो 'मदरबोर्ड ऊडी गयो छे' म्हणून नव्या बोर्डाचा आकडा कागदावर लिहून गेला. काकू तो कागद हातात धरूनच दार उघडायला आल्या. "अगं, तू बघ तरी एकदा. एवढे पैसे घालायचे तर नवाच घेऊ ना!"

मी मशीन सुरू केलं आणि त्या ओळी वाचल्या. यूएसबीतून प्रमाणाबाहेर करंट जातोय, म्हणून मशीन बंद होईल, एवढंच त्यात होतं. मग प्लग काढून मोबाइलच्या उजेडात पुढचे पोर्ट पाहिले. एका पोर्टातली प्लॅस्टिकची जीभ तुटली होती आणि तिच्यावरच्या चार पट्ट्यांपैकी एक वाकून बाहेरच्या धातूच्या चौकटीला टेकली होती. कोणीतरी पेनड्राइव्ह उलटा दामटला असणार. कॅबिनेटची बाजू उघडली, पुढच्या पोर्टांची वायर मदरबोर्डावरून काढली, प्लग लावला, बटण दाबलं. विंडोज आलं. मागचे सगळे पोर्ट ठणठणीत होते.

या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मला हेच सांगायचंय की पोर्ट 'गेला' हा शब्द तोंडातून काढण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा. वीज पोचतेय का? आणि बोलणं होतंय का? मी आयटीआयला कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा कोर्स केला, पण दुरुस्ती शिकले ती रावपुऱ्यातल्या एका दुकानात, आणि तिथे हा फरक कळायला मला वर्ष लागलं. तुम्हाला तो पहिल्याच आठवड्यात कळावा.

एक पेनड्राइव्ह हातात घ्या आणि तोंडातून आत बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन लांब आहेत, मधल्या दोन किंचित आखूड. कडेच्या विजेच्या, पाच व्होल्ट आणि ग्राउंड, मधल्या डेटाच्या. लांब ठेवल्यात त्या मुद्दाम, म्हणजे आत सरकवताना आधी वीज जोडली जाते आणि मग बोलणं सुरू होतं. इतकं साधं आणि इतकं विचारपूर्वक केलेलं काम आहे हे. आणि ते करणाऱ्यांत आपल्या बडोद्याचा माणूस आहे! अजय भट्ट इथलेच, महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. पुढे अमेरिकेत इंटेलमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूएसबीवर काम केलं, आणि १९९६ साली पहिला आराखडा आला. कलाभवनावरून जाताना मला अजूनही त्याचा अभिमान वाटतो.

तर, लावलेल्या वस्तूचा दिवा लागतोय पण कॉम्प्युटर तिला ओळखत नाही, याचा अर्थ वीज आहे, बोलणं नाही. दिवाच लागत नाही, तर वीजच नाही. मोबाइल चार्ज होतो पण कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही, ही तक्रार आली की मी आधी केबल बदलते. कितीतरी केबलींत फक्त विजेच्या दोनच तारा असतात, त्यांच्यातून फोटो कसे येणार? बरं, केबल नीट असेल तर फोन चार्जिंगऐवजी फाइल ट्रान्सफरवर आहे का तेही बघा.

ग्राहकाच्या घरी गेल्या गेल्या स्क्रू ड्रायव्हर काढू नका. विचारा. एकच पोर्ट बंद आहे की सगळे? पुढचे की मागचे? कधीपासून, आणि त्या दिवशी काय नवीन लावलं होतं? मग चालणारी वस्तू बंद पोर्टात लावा आणि 'बंद' वस्तू चालत्या पोर्टात. पुष्कळदा इथेच कळतं की पोर्टाला काहीच झालेलं नाही, पेनड्राइव्हच मेलाय. फक्त पुढचे बंद असतील तर आतली वायर सैल आहे का बघा. ती लावताना पिन वाकवू नका.

सगळेच बंद असतील तर पूर्ण वीज काढून बघा. नुसतं शटडाऊन केल्याने वीज जात नाही. बंद कॉम्प्युटरला लावलेल्या माउसचा लाल दिवा रात्रभर जळताना तुम्ही पाहिला असेल. सप्लाय तेव्हाही पाच व्होल्ट देतच असतो. म्हणून भिंतीवरचा प्लग काढा, यूएसबीच्या सगळ्या वस्तू काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं थांबा. शॉर्टमुळे अडकलेला पोर्ट अशाने पुष्कळदा परत येतो. अनेक बोर्डांवर पोर्टाजवळ आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज असतो, तो थंड झाला की वाट मोकळी होते. आणि विंडोज आठपासून फास्ट स्टार्टअप आलं आहे, त्यात शटडाऊनला विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे शटडाऊन करून चालू करणं आणि रीस्टार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हर नव्याने उठवायचे असतील तर रीस्टार्टच करा.

दोष विंडोजचा की लोखंडाचा, हे ठरवायची माझी आवडती परीक्षा म्हणजे बायोसमध्ये, विंडोज उठण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाणं. तिथे यूएसबी कीबोर्ड चालला आणि विंडोजमध्ये मेला, तर हार्डवेअरला हात लावायची गरज नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, युनिव्हर्सल सिरियल बस कंट्रोलर्स उघडा, रूट हब अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज ते परत बसवतं. हे करताना कीबोर्ड-माउस मध्येच मरतील, घाबरू नका, पण ग्राहकाची उघडी फाइल आधी सेव्ह करून घ्या. लॅपटॉपवर थोड्या वेळाने पोर्ट झोपत असेल तर रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्याची खूण काढा.

बाहेरची हार्ड डिस्क टकटक आवाज करते आणि दिसत नाही? तिला मागच्या पोर्टात, आखूड केबलने लावा. जुना यूएसबी दोनचा पोर्ट ५०० मिलिअँपिअरचा, तीनचा ९०० चा. तेवढ्या फरकावर डिस्क उठते किंवा अडते. टकटक तरीही राहिली तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, आतला डेटा जाईल.

अर्थिंगबद्दल मला कळकळीने सांगायचंय. दांडिया बाजारातल्या, वाडीतल्या जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटामागे अर्थची तारच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि घरातली माणसं 'ते असंच होतं' म्हणून सोडून देतात. एकदा अशा घरात वेगळ्या सॉकेटवरचा प्रिंटर चालू मशीनला जोडताना माझ्यासमोर ठिणगी उडाली आणि तो पोर्ट पुन्हा उठला नाही. तेव्हापासून मी आधी टेस्टर लावते, आणि अर्थ नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगते. तोवर जोडाजोड दोन्हीचे प्लग काढून.

साफसफाई करायची तर वीज काढून, मऊ ब्रशने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने. टाचणी, सुई, पिन काही नाही.

एवढं करूनही उठला नाही, तर डेस्कटॉपला यूएसबीचं कार्ड आणि लॅपटॉपला स्वतःच्या अॅडॅप्टरचा हब. बोर्ड बदलायची पाळी फार थोड्यांवर येते.

काकूंचं फ्रंट पॅनेल मी दोन दिवसांनी बदललं. काढलेला तुटका पोर्ट त्यांच्या हातात दिला, भिंग दिलं, आणि ती वाकलेली पट्टी दाखवली. त्यांनी तो बोर्डाच्या आकड्याच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवला.