मोठ्या वयात तबल्याची ‘प्रारंभिक’ परीक्षा द्यायची आहे? अशी करा तयारी

तबला शिकायला लागले तेव्हा मला सेहेचाळिसावं वर्ष चालू होतं. पुढच्या वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ ही पहिली परीक्षा दिली. कुणी मोठ्या वयात ही परीक्षा द्यायची म्हणालं, की मी आधी एकच सांगते: बोल, म्हणजे ‘धा’, ‘ना’ ही तबल्याची अक्षरं, तोंडात पक्के बसल्याशिवाय हाताला घाई करू नका. आपल्या वयात समज लवकर येते, पण बोटं वळायला वेळ लागतो. मधल्या काळात ताल सांभाळतं ते तोंड.

मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रांत. प्रारंभिकला लेखी पेपर नसतो. परीक्षकांसमोर वाजवायचं, हातावर ताल धरून बोल म्हणायचे आणि विचारलं त्याचं उत्तर द्यायचं. चालू अभ्यासक्रमाची प्रत केंद्रावरून किंवा सरांकडून मिळवा, कुणाच्या जुन्या वहीवर विसंबू नका. अर्जाची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते, तीही तेव्हाच विचारून ठेवा. निदान सहा महिने हाताशी हवेत.

मग बैठक. मांडी घालून पाऊण तास बसायची सवय बऱ्याच जणांची सुटलेली असते. चार पदरी घडी घातलेली सतरंजी किंवा पातळ उशी घेतली की कंबर वर राहते आणि गुडघ्यांवरचा ताण कमी होतो. खांदे सैल हवेत. नखं कापलेली, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलेलं. हाताला घाम येत असेल तर चिमूटभर पावडर लावा.

पहिले दोन महिने फक्त अक्षरांना द्या. ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर (कातड्याच्या बाहेरच्या कडेवर) पडून लगेच उठते. अनामिका दाबली गेली तर आवाज मरतो, सुटली तर नाद पसरट होतो. ‘धा’ म्हणजे हा ‘ना’ आणि डग्ग्यावरचा (डाव्या हाताच्या मोठ्या वाद्यावरचा) ‘गे’ एकाच क्षणी. मोठ्या वयात शिकणाऱ्यांचे दोन हात पुष्कळदा केसभर मागेपुढे पडतात आणि एका ‘धा’चे दोन आवाज ऐकू येतात. यावर उपाय एकच: रोज पाच मिनिटं नुसता ‘धा’, मिनिटाला साठच्या लयीत, डोळे मिटून. शेजाऱ्यांची अडचण असेल तर पुडीवर (वरच्या कातड्यावर) हातरुमाल टाकून वाजवा. पण आठवड्यातून दोनदा तरी रुमालाशिवाय वाजवा, नाहीतर स्वतःचा नाद कसा आहे ते कळणारच नाही.

आता पढंत, म्हणजे हाताने टाळी धरून बोल म्हणणं. तयारीचा निम्मा वेळ मी यालाच दिला आणि तुम्हीही द्यावा असं मला मनापासून वाटतं. त्रितालच घ्या:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

सोळा मात्रा (ठोके), चार खंड. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर; ‘खाली’, म्हणजे टाळी न वाजवता हात नुसता दाखवायची जागा, नवव्या मात्रेवर. गंमत अशी, की खाली नवव्या मात्रेवर असली तरी तिथे ‘धा’ आहे, म्हणजे डग्गा वाजतोच. तो थांबतो दहाव्या मात्रेपासून आणि पुन्हा बोलतो चौदाव्या मात्रेवर. तेराव्या मात्रेवर टाळी येते म्हणून नवशिक्याचा डावा हात सवयीने पडतो आणि ‘ता’चा ‘धा’ होतो. तोंडाने ‘ता’ ठसठशीत म्हणत राहिलात तर हात आपोआप थबकतो.

ठाय लय, म्हणजे मूळची संथ गती, पक्की झाली की दुगुन. इथे टाळीचा वेग तोच राहतो आणि एका मात्रेत दोन बोल बसतात: धाधिं, धिंधा, धाधिं, धिंधा. आठ मात्रांत ठेका (तालाचे ठरलेले बोल) संपतो आणि नवव्या मात्रेवर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. म्हणजे हात खाली दाखवतोय आणि तोंडात मात्र समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, ‘धा’ आहे. बहुतेक जण इथेच अडखळतात. मी सकाळी स्टेशनपर्यंत चालताना हे म्हणायचे, पावलागणिक एक मात्रा. दोन आठवड्यांनी पावलांचा वेग न बदलता दुगुनीत जाऊन परत ठायीत येता येऊ लागलं. मगच तबल्यावर बसले. दादरा, केरवा, झपताल, जे काही अभ्यासक्रमात असेल ते याच वाटेने: आधी टाळी, मग तोंड, मग हात.

तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा, पाठ करू नका, मोजा. ‘तिटकत गदिगन धा’ यात तीन मात्रा आहेत. तीनदा म्हटलं की नऊ. म्हणून नवव्या मात्रेपासून उचललं की शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर पडतो. बोटांवर एकदा मोजून पाहिलं की पुन्हा विसरायला होत नाही.

शेवटचे सहा आठवडे रोज लेहऱ्याबरोबर (तालात पुन्हापुन्हा वाजणाऱ्या सुरावटीबरोबर) वाजवा. मोबाइलच्या अॅपवर तो मिळतो, पण दोन-चार वेळा तरी पेटीवाल्याच्या साथीने बसा. माणसाची लय यंत्रासारखी ताठ नसते, तिच्याबरोबर चालायची सवय लागते. पावसाळ्यात पुडी सैल पडून स्वर उतरतो, तेव्हा हातोडीने गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलकं ठोकून स्वर लावायला सरांकडून शिकून घ्या. पूर्ण सुरात आला नाही तरी चालेल, पण तबला उतरलाय हे कानाला कळायला हवं. तोंडी प्रश्नांसाठी मात्रा, सम, खाली, लय, आवर्तन, ठेका एवढ्या व्याख्या आणि तबल्याच्या भागांची नावं पुरतात. पाठांतरात मोठी माणसं सहसा कमी पडत नाहीत.

परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा. तिथे दहा-बारा वर्षांची मुलं धडाधड वाजवत असतील, त्यांच्याकडे पाहून स्वतःची लय वाढवू नका. केंद्रावरचा तबला हाताला नवखा असतो, म्हणून आत गेल्यावर आधी दोनचार ‘ना’ वाजवून पुडीचा अंदाज घ्या. परीक्षक म्हणतील, “त्रिताल, ठाय आणि दुगुन.” लगेच सुरू करू नका. ठायीचं एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) मनात म्हणा, आणि त्याच लयीत दुगुन झेपेल का ते तिथेच पाहा. जमेल असं वाटलं की मग हात ठेवा. मध्येच बोल चुकला तर थांबून पहिल्यापासून सुरू करायचं नाही. हात उचलून धरा, मात्रा मोजत राहा, आणि सम आली की ‘धा’वर पुन्हा या.