समुद्रातील कणांवरचा पारा: सराव हरिपूरला, मोजणी समुद्रावर

समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या कणांवरचा पारा मोजायला निघालेल्या सांगलीच्या विद्यार्थ्याने आधी हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, गाळणीचा सराव करावा. पावसाळ्यातील गढूळ पाण्याने गाळणकागद लगेच तुंबतो. खुल्या समुद्रात मात्र कण इतके विरळ असतात, की लिटरमागे 20 पिकोग्रॅम पारा धरला, तर समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) मोजणीसाठी हवा असलेला 10 नॅनोग्रॅम, म्हणजे 10,000 पिकोग्रॅम, पारा मिळवायला 500 लिटर पाणी गाळावे लागते. म्हणून तेथे पंपच तारेला बांधून खोल सोडतात.

क्वार्ट्झ तंतूंचे कागद आधी 500 अंश सेल्सिअसला काही तास भाजावेत. हळदीचा हात कुठे लागला हे पिवळ्या डागांवरून कळते, पाऱ्याचे तसे नाही. त्यामुळे एकाने केवळ नमुना हाताळावा आणि पंप, दोर, झाकणे दुसऱ्याने सांभाळावीत. दातांत चांदी भरलेल्याने उघड्या नमुन्यावर वाकू नये, कारण त्या मिश्रणात जवळपास निम्मा पाराच असतो. पाणी न गाळलेला एक कागद प्रत्येक खेपेस याच सर्व टप्प्यांतून न्यावा. या ब्लँकमधील पारा नमुन्याच्या दहाव्या हिश्शाहून अधिक भरल्यास ते आकडे, कितीही मोहक असले तरी, मी वापरणार नाही.

वाळवलेला कागद नळीभट्टीत ऑक्सिजनच्या प्रवाहात हळूहळू तापवावा आणि सुटलेला पारा नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात पकडावा. त्यातील थोडा भाग स्टॅनस क्लोराइडने क्षपित करून, म्हणजे त्यातील पारा पुन्हा धातुरूपात वाफ होऊ देऊन, सोन्याच्या सापळ्यावर साठवतात, मग सापळा तापवून 253.7 नॅनोमीटर तरंगलांबीवर पाऱ्याची प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून पुन्हा सोडलेला उजेड) मोजतात. पारा सोन्याला कसा धरतो, हे विटा-आटपाडीकडच्या गलाई (सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या) कारागिरांना निराळे सांगायला नको. हा आकडा आणि अपेक्षित पारा यांत मोठी तफावत असेल, तर पुढे जाऊ नये, कारण अर्धवट निसटलेला पारा समस्थानिकांचे प्रमाणही बदलून जातो.

पाऱ्याचे स्थिर समस्थानिक सात. मल्टिकलेक्टर आयसीपी-एमएसवर (समस्थानिक वजनानुसार वेगळे करून एकाच वेळी मोजणाऱ्या यंत्रावर) 202 आणि 198 या वस्तुमानांच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजताना प्रत्येक नमुन्याच्या आधी व नंतर एनआयएसटी 3133 हे प्रमाण द्रावण चालवावे, दोन्हींची तीव्रता जुळवावी आणि यंत्राचा जड-हलक्या अणूंमधला कल थॅलियम मिसळून दुरुस्त करावा. 199 व 201 या विषम समस्थानिकांचे वेगळे विचलन मुख्यतः सूर्यप्रकाशातील क्षपण सुचवते, तर 200 चे विचलन वातावरणातून आलेल्या पाऱ्याचा माग देते.