टेक्सासमध्ये ‘पिस्तूल आत आणू नये’ हा बोर्ड पोलिसांपुढे टिकेल असा कसा लावावा

टेक्सासमध्ये किराणा दुकान, मोटेल, गॅस स्टेशन किंवा रेस्टॉरंट चालवणाऱ्या बऱ्याच आपल्या माणसांनी दारावर पिस्तुलावर लाल फुली मारलेलं चित्र लावलेलं असतं. एखाद्या गिऱ्हाइकाच्या शर्टाखालून पिस्तुलाची मूठ दिसते, मालक पोलिसांना बोलावतो, आणि परवानाधारकाच्या बाबतीत त्या चित्राला काही अर्थ नाही हे तेव्हा कळतं. त्यात पोलिसांचं चुकत नाही. लपवून पिस्तूल बाळगणाऱ्या परवानाधारकासाठी बोर्डावर कोणता मजकूर हवा, हे राज्याच्या दंडसंहितेत शब्दशः दिलेलं आहे. तो नसेल तर लेखी सूचना दिलीच नाही असं धरतात.

आधी कोणाला अडवायचं ते ठरवा, कारण प्रत्येकासाठी कलम वेगळं आहे. 30.06 परवाना घेऊन लपवून पिस्तूल बाळगणाऱ्यासाठी, 30.07 परवाना घेऊन उघड बाळगणाऱ्यासाठी. 1 सप्टेंबर 2021 पासून टेक्सासमध्ये साधारणपणे 21 वर्षांवरच्या माणसाला विनापरवाना पिस्तूल बाळगता येतं, त्यांना 30.05 लागू होतं. कोणीच नको असेल तर तिन्ही बोर्ड लावा. दर्शनी काच झाकली जाते, दुकान जरा भकास दिसतं, पण नुसत्या बोर्डाने अडवायचं तर दुसरा मार्ग नाही. अनेक मालक फक्त 30.07 लावतात, म्हणजे ‘दाखवू नका, बाकी तुमचं तुम्ही बघा’. व्यवहार म्हणून मला ते पटतं.

बोर्ड छापताना तीन गोष्टी तपासा: मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हवा, अक्षरं ब्लॉक (सुटी, छापील) आणि किमान 1 इंच उंच हवीत, आणि अक्षरांचा रंग पार्श्वभूमीवर उठून दिसायला हवा. या अटीमुळे बोर्ड बराच मोठा होतो. ए-फोर कागदावर प्रिंट काढून चिकटवलात तर तो धरला जाणार नाही. जुनी जागा विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाचा बोर्ड जवळ जाऊन वाचा. 30.06 च्या मजकुरात गव्हर्नमेंट कोड या राज्याच्या दुसऱ्या संहितेच्या प्रकरण 411 चा उल्लेख असतो आणि त्यापुढे कंसात आता ‘हँडगन लायसन्सिंग लॉ’ असं येतं. तिथे ‘कन्सील्ड हँडगन लॉ’ दिसलं तर तो बोर्ड 2016 च्या आधीचा आहे, बदलून टाका. वाद झाला तर समोरचा वकील आधी त्या कंसावरच बोट ठेवेल.

जागेचं म्हणाल तर 30.05 आणि 30.07 च्या बोर्डांसाठी ‘प्रत्येक प्रवेशद्वारावर’ असा स्पष्ट उल्लेख आहे. 30.06 ला नुसतं ‘लोकांना ठळक दिसेल असा’ एवढंच म्हटलंय. तरी तिन्ही बोर्ड पार्किंगकडून येणाऱ्या दारासकट सगळीकडे लावा. मोबाइलवर तारखेसह फोटो काढून ठेवा.

आता प्रत्यक्ष पिस्तूल दिसलं तर काय करायचं? बहुतेक लोक इथे घाई करून लगेच फोन उचलतात. नुसता बोर्ड ओलांडून आत येणं हा क्लास सी, म्हणजे सगळ्यात किरकोळ वर्गाचा गुन्हा आहे, दंड जास्तीत जास्त 200 डॉलर, आणि प्रकरण म्युनिसिपल किंवा जस्टिस कोर्टात जातं. पण तुम्ही स्वतः तोंडी सांगूनही तो माणूस बाहेर गेला नाही, तर तो क्लास ए, म्हणजे बराच गंभीर गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद, 4000 डॉलरपर्यंत दंड. उलट, तोंडी सांगितल्यावर परवानाधारक लगेच निघून गेला तर 2019 पासून त्याला कोर्टात तो बचाव घेता येतो. म्हणून आधी बोला, तेही नीट: “सर, आमच्याकडे पिस्तूल चालत नाही. गाडीत ठेवून या, मग सावकाश खरेदी करा.” काउंटरवरच्या पोरालाही हे वाक्य पाठ करून द्या. मालकाच्या वतीने सांगायचा अधिकार त्याला आहे असं दिसत असेल तर त्याचं सांगणंही कायद्याला चालतं. हे कॅमेऱ्यासमोर झालं तर उत्तम. माणूस तावातावाने बोलत असेल किंवा हात पिस्तुलाकडे जात असेल, तर बोर्ड, कलम सगळं विसरा आणि लगेच 911 लावा.

तो शांत आहे पण हलत नाही, अशा वेळी शहराच्या हद्दीत शहर पोलीस येतात आणि हद्दीबाहेर काउंटीचा (जिल्ह्याचा) पोलीसप्रमुख, म्हणजे शेरीफ, याची माणसं. फोनवर ‘बंदूकवाला आलाय’ असं ओरडू नका, नाहीतर हत्यारबंद हल्ला समजून ताफा येईल. सांगा: पिस्तूल कमरेला आहे, हातात घेतलेलं नाही, दारावर 30.07 चा (किंवा जो लावला असेल तो) बोर्ड आहे. तोंडी सांगितलं तरी जात नाही. एवढंच, पण अधिकारी दारात पोहोचेपर्यंत त्याला कलम माहीत असतं. शहराला बंदुकांबाबत वेगळे नियम करण्याची मुभा राज्याने जवळजवळ ठेवलेलीच नाही, त्यामुळे ऑस्टिन असो की एखादं छोटं गाव, अधिकारी याच कलमांनुसार चालणार.

काही ठिकाणी मात्र बोर्डाचा उपयोग नाही. पोलीस अधिकारी ड्युटीवर नसला तरी लोकांसाठी खुल्या दुकानात त्याला हत्यारावरून अडवता येत नाही. तुमच्या कर्मचाऱ्याने कायदेशीर पिस्तूल पार्किंगमध्ये स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ठेवलं तर नोकरीचा नियम दाखवून सहसा मनाई करता येत नाही.

मंदिर आणि मंडळवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. 1 सप्टेंबर 2019 पासून प्रार्थनास्थळं कायद्यातल्या पिस्तूलबंदीच्या जागांच्या खास यादीतून वगळली गेली आहेत, त्यामुळे मंदिरात पिस्तूल नको असेल तर विश्वस्तांनी दुकानदारासारखेच बोर्ड लावायचे. गणेशोत्सवाला हॉल घेताना तो कोणाच्या मालकीचा आहे ते बुकिंगआधी विचारा. खासगी हॉल असेल तर मालकाची संमती घेऊन बोर्ड लावता येतो. शाळेच्या इमारतीत राज्याचीच मनाई आहे. पण शहराच्या मालकीचं कम्युनिटी सेंटर असेल तर परवानाधारकाला 30.06 आणि 30.07 लागूच होत नाहीत, मग भाडं तुम्ही भरलेलं असलं तरी.