उतारावरच्या प्लॉटवर टर्फ टाकताय? आधी या चुका टाळा

आजकाल लोणावळा, मुळशी, पाचगणी, खाली कोकणात कुठेही बंगल्याचा प्लॉट घेतला की पोरांचं पहिलं म्हणणं असतं, मागे बॉक्स क्रिकेट करूया ना. जागा असते पण सपाट नसते. मग फोन जातो थेट टर्फवाल्याला, म्हणजे कृत्रिम गवत बसवणाऱ्याला, तो व्हॉट्सअपवर हिरवेगार फोटो टाकतो, स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो, आणि सगळी चर्चा पाइल, म्हणजे पात्यांची उंची, ४० एमएम की ५० यावरच. पहिली चूक इथेच होते बघा. टर्फ म्हणजे शेवटी गालिचा, खालची जमीन जशी हलेल तसा तो हलणार, त्यामुळे उताराच्या जागेवर जास्त पैसे मातीत आणि पाण्याच्या वाटेत घालायचे आणि उरतील त्यात टर्फ घ्यायचं.

माझ्या मेहुण्याने मुळशीकडे नेमकं उलटं केलं. ६० बाय ३० फुटाचं कोर्ट, आणि लांबी ठेवली उताराच्या दिशेने, का तर बंगल्याच्या गॅलरीतून छान दिसतं. आता साधा हिशेब करा, दहा फुटाला एक फूट उतार असेल तर ६० फुटात ६ फुटांचा फरक पडतो, म्हणजे वरून ३ फूट कापा आणि खाली ३ फूट भरा. तेच कोर्ट आडवं फिरवलं असतं तर फरक ३ फुटांचाच, दीड फूट कटिंग, दीड फूट भराव, भराव धरून ठेवणारी खालची भिंतही निम्म्या उंचीची. संध्याकाळचं ऊन बॅट्समनच्या डोळ्यात येतं का तेही बघा, पण उतार जास्त असेल तर मी म्हणेन ऊन सहन करा, भिंत वाचवा. आणि उतार १:५, म्हणजे पाच फुटाला एक फूट, किंवा त्याहून तीव्र असेल तर जेसीबी बोलवायच्या आधी परवानगीचं विचारून घ्या, अशा डोंगरउतारावर राज्याच्या विकास नियमांत बंधनं आहेत. बाहेरून मुरूम आणला तर रॉयल्टीची पावती पण मागा, तो गौण खनिजात मोडतो.

भरावाचं काय झालं ते ऐका. जेसीबीने वरची माती ओढून खाली लोटली, वरून चार वेळा गाडी फिरवली, झालं म्हणे कॉम्पॅक्शन! असं होत नाही हो. मुरूम सहा ते आठ इंचाच्या थरात टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, तो थर घट्ट बसला की मगच पुढचा. वरची मऊ माती, गवत, मुळं भरावात अजिबात घालायची नाहीत, ती कुजली की जमीन खचणारच. काळी माती असेल तर ती काढूनच टाका, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. मेहुण्याकडे पहिल्याच पावसात कोर्टाच्या बरोबर मधोमध आडवी पायरी पडली, कापलेली बाजू जागच्या जागी आणि भरलेली बाजू दोन इंच खाली, आणि कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं की टर्फला वॉरंटी आहे, जमिनीला नाही. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

म्हणून माझं सरळ मत, कितीही घाई असली तरी कटिंग-भराव जानेवारी-फेब्रुवारीत उरकून घ्या, एक आख्खा पावसाळा त्यावरून जाऊ द्या, जिथे खचेल तिथे परत भरून दाबा, आणि टर्फ दिवाळीनंतर. पोरं कुरकुरतील, कुरकुरू देत. तसंही ओलीत टर्फच्या दोन रोलमधल्या सांध्यांचा गोंद नीट धरत नाही, जूनच्या तोंडावर घाईघाईत चिकटवलेले सांधे गणपतीपर्यंत उघडलेले पाहिलेत मी.

आता पाणी. १८०० स्क्वेअर फुटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे साधारण साडेसोळा हजार लिटर, दीड टँकर, आणि आपल्या घाटमाथ्यावर जुलैत असे दिवस नवलाचे नाहीत. हे फक्त कोर्टावर पडलेलं, वरच्या डोंगरावरून वाहत येणारं वेगळंच. त्यामुळे कोर्टाच्या वरच्या अंगाला चर हवाच, डोंगराचं पाणी तिथेच अडवून बाजूने काढून द्यायचं. कोर्टाला स्वतःचा ढाळ साधारण एक टक्का, म्हणजे ३० फुटाला साडेतीन इंच, आणि तोही घरापासून लांब. काही जण एकदम लेव्हलमध्ये करून घेतात आणि वर अभिमानाने सांगतात. अरे बाबा, आपल्याला कोर्ट करायचंय की भाताचं खाचर?

खालच्या भिंतीत वीप होल्स, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, ठेवा, पाचेक फुटांवर एक, आणि मागे माती न भरता खडी आणि जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, नाहीतर भोकं गाळाने बुजतात आणि पाण्याचा दाब भिंतीवर येतो. भिंत चार फुटांच्या वर जात असेल तर गवंड्याच्या अंदाजावर राहू नका, इंजिनिअरकडून डिझाइन करून घ्या. जाळीचे खांब त्या भिंतीच्या डोक्यावर उभे करणं हा अजून एक प्रकार, वारा जाळीला ओढतो आणि भिंत हलते, खांबाला त्याचं स्वतःचं फाउंडेशन द्या.

टर्फ ऑलरेडी टाकून झालंय आणि त्रास सुरू आहे? पाणी साचतं तिथे आधी पात्यांमध्ये भरलेली वाळू आणि रबराचे दाणे (ग्रॅन्युल्स) ब्रशने मोकळे करून बघा, कधी कधी नुसता गाळ बसलेला असतो. तरी साचलं तर सांधा उघडा, खाली कच भरून ठोका, परत चिकटवा. पण तोच खड्डा दरवर्षी पडत असेल तर खालून माती वाहून जातेय, वरून कितीही भरा, आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा. एक रोल गडद आणि शेजारचा फिका दिसत असेल तर रोल उलट दिशेने टाकलाय, पात्यांचा कल सगळीकडे एकच हवा, याला रोल काढून परत टाकण्याशिवाय इलाज नाही. रबरचे काळे दाणे सगळे खालच्या कडेला जमत असतील तर तिथे दोन-तीन इंचाचा कठडा आणि गटाराच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर ते ओढ्यात जातात. युरोपियन युनियनने असल्या दाण्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी आणायचं ठरवलंय, घरच्या कोर्टाला मी तरी नुसती सिलिका वाळूच घेईन.

आणि हो, खालच्या अंगाची जाळी वरच्यापेक्षा उंच घ्या. मेहुण्याने चारी बाजूंना सारखीच घेतली, आता प्रत्येक सिक्सला एक पोरगं खालच्या शेतात पळतं, आणि रोपं तुडवली म्हणून शेतवाल्या काकांचा फोन मला येतो.